ऑक्टेन अंक

ऑक्टेन अंक हे पेट्रोलसारख्या इंधनाच्या नॉकिंगला विरोध करण्याच्या क्षमतेचे माप आहे. इंधनात किती ऊर्जा साठलेली आहे किंवा ते किती शुद्ध आहे, हे या अंकावरून कळत नाही. दाब व तापमान वाढत असताना इंधन आपोआप पेट न घेता कितपत तग धरते, एवढेच तो सांगतो.

नॉकिंग

पेट्रोल इंजिनात दट्ट्या (पिस्टन) हवा आणि इंधनाच्या बाष्पाचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबतो. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लगमधून ठिणगी पडते आणि तेथून निघालेली ज्योत मिश्रणात पसरत जाते. त्याच वेळी ज्योतीपुढील न जळलेले मिश्रण अधिक दाबले जाऊन तापते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच हा भाग एकदम पेटला, तर दाबाच्या तीव्र लहरी निर्माण होतात व धातूवर हातोडी मारल्यासारखा टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने चढ चढताना तो विशेष जाणवतो. नॉकिंग तीव्र असेल व दीर्घकाळ चालू राहिले, तर दट्ट्याचा माथा, त्याच्या रिंगा आणि सिलिंडर हेडचे गॅस्केट यांची हानी होते.

मापनाची पद्धत

या मापपट्टीसाठी दोन हायड्रोकार्बन प्रमाण मानले आहेत. सहज नॉकिंग करणाऱ्या सरळ साखळीच्या हेप्टेनला ० आणि नॉकिंगला चांगला विरोध करणाऱ्या, फांद्या असलेल्या आयसोऑक्टेनला १०० अंक दिलेला आहे. एखाद्या पेट्रोलचा अंक ९१ असणे याचा अर्थ असा, की ते ९१ टक्के आयसोऑक्टेन व ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच नॉकिंग करते. त्या पेट्रोलमध्ये ९१ टक्के ऑक्टेन असते, असा याचा अर्थ नव्हे. सरळ साखळीच्या ऑक्टेनचा स्वतःचा ऑक्टेन अंक तर शून्याहूनही कमी आहे. याउलट काही इंधनांचा अंक १०० हून अधिक असतो.

मापनासाठी संपीडन गुणोत्तर बदलता येणारे एक-सिलिंडरी इंजिन वापरतात. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या सौम्य चाचणीत मिळणाऱ्या अंकास संशोधन ऑक्टेन अंक, तर ९०० फेऱ्या व तापवलेले मिश्रण असलेल्या कठोर चाचणीत मिळणाऱ्या अंकास मोटर ऑक्टेन अंक म्हणतात. दुसरा अंक सामान्यतः पहिल्यापेक्षा ८ ते १० ने कमी येतो. भारत व युरोपमध्ये पंपावर संशोधन अंक सांगितला जातो, तर अमेरिकेत दोहोंची सरासरी लिहितात. त्यामुळे अमेरिकेतील ८७ अंकाचे पेट्रोल स्थूलमानाने आपल्याकडील ९१ च्या बरोबरीचे असते.

इतिहास

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड हे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी नॉकिंग थांबते, असे आढळले. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी हेप्टेन व आयसोऑक्टेन यांवर आधारित मापपट्टी सुचवली. शिसे विषारी असल्याचे तेव्हाही ज्ञात होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगारांचा मृत्यू झाला. तरीही त्याचा वापर अनेक दशके चालू राहिला. वाहनांच्या धुरातील शिसे हवेत व मातीत साचले, आणि त्याचा सर्वाधिक धोका बालकांच्या मेंदूच्या वाढीस होता. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली व फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकले जाऊ लागले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता; तेथे ही विक्री २०२१ मध्ये थांबली.

इंजिनाच्या कार्यक्षमतेवरील परिणाम

मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके उष्णतेचे कार्यात रूपांतर अधिक होते. आदर्श चक्राच्या गणितानुसार संपीडन गुणोत्तर ८ असताना कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के, तर १२ असताना सुमारे ६३ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे बरेच कमी असतात, पण कल तोच राहतो. अधिक संपीडनाबरोबर नॉकिंगचा धोकाही वाढतो. म्हणून उच्च संपीडनाच्या व टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनांना बहुधा उच्च ऑक्टेनचे इंधन लागते.

आधुनिक मोटारींत नॉकिंग ओळखणारा संवेदक असतो. त्याचा संकेत मिळताच संगणक ठिणगीची वेळ थोडी पुढे ढकलतो. त्यामुळे इंजिन वाचते, परंतु शक्ती व इंधनबचत काहीशी घटते. मात्र ९१ अंकासाठी रचलेल्या इंजिनात ९५ अथवा १०० अंकाचे पेट्रोल भरल्याने सहसा विशेष लाभ होत नाही, कारण जे नॉकिंग होतच नव्हते, ते थांबवण्यासाठीच अधिक पैसे मोजले जातात. महाग पेट्रोलमधील इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये ही वेगळी बाब असून तिचा ऑक्टेन अंकाशी संबंध नाही.

इथेनॉल आणि भारत

भारत स्टेज ६ मानकांनुसार साध्या पेट्रोलचा संशोधन ऑक्टेन अंक किमान ९१ असावा लागतो. इथेनॉलचा अंक सुमारे १०८ असल्याने ते मिसळल्यावर पेट्रोलचा अंक वाढतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा अंक सुमारे ९५ असतो. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखाने मळी व उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करतात. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा घटते. उच्च ऑक्टेनचा फायदा घेणारे अधिक संपीडनाचे इंजिन या घटीची काही भरपाई करू शकते. जुन्या इंजिनाला ते शक्य नसते. शिवाय जुन्या वाहनांतील काही रबरी भाग इतक्या इथेनॉलसाठी बनवलेले नसतात. आपल्या वाहनास कोणते इंधन योग्य, हे निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत व पुष्कळदा इंधन टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस छापलेले असते.