नायकी: ग्रेट फॉल्सची आणि थुंब्याची

ॲशबर्नहून सात नंबरच्या रस्त्याने निघालो की साधारण अर्ध्या तासात ग्रेट फॉल्सचे नायकी पार्क येते. शनिवारी मुलांना खेळायला नेणाऱ्या आपल्या मंडळींना ते ठाऊक असेल. नाव वाचून बूट आठवतात, पण ही नायकी वेगळी!

शीतयुद्धात रशियन बाँबफेकी विमानांपासून वॉशिंग्टन वाचवण्यासाठी अमेरिकन लष्कराने राजधानीभोवती नायकी क्षेपणास्त्रांचे कडे उभारले. १९५०च्या दशकातला ग्रेट फॉल्सचा तळ त्यातलाच. आज मैदाने आहेत तिथे क्षेपणास्त्रे, तर जवळच्या टर्नर फार्मवर रडार. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तळ बंद झाला. रडारच्या जागी आता वेधशाळा आहे.

आम्हा इंजिनिअर लोकांना रस वाटतो तो नायकी एजॅक्सच्या बूस्टरमध्ये. घन इंधनाचा हा बूस्टर जेमतेम तीन सेकंद जळे, पण तेवढ्यात क्षेपणास्त्राला ध्वनीहून अधिक वेग देऊन गळून पडे. शास्त्रज्ञांना असेच काहीतरी हवे होते. फुगे पोहोचतात त्याच्या वर आणि उपग्रह फिरतात त्याच्या खाली, या मधल्या वातावरणात उपकरणे न्यायची तर साउंडिंग रॉकेटच लागते. म्हणून नायकी बूस्टरवर अपाचे नावाचा दुसरा टप्पा चढवला गेला.

हेच नायकी-अपाचे २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून उडाले. भारतातून अवकाशाकडे झेपावलेले ते पहिले रॉकेट! ती जागा शोधताना विक्रम साराभाईंच्या बरोबर होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. पुण्याचे प्रमोद काळे अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आलेल्या पहिल्या तुकडीत होते. त्या तुकडीने ज्या वॉलप्स बेटावर धडे घेतले, तेही आपल्याच व्हर्जिनियात.

"म्हणजे इंडियाचं पहिलं रॉकेट अमेरिकन होतं?" असे मुले विचारतील. हो म्हणून सांगावे, त्यात कमीपणा कसला? पण पुढचेही सांगावे. चारच वर्षांनी, १९६७ साली, त्याच थुंब्याहून भारतीय बनावटीचे रोहिणी-७५ उडाले, आणि १९८० साली आपल्याच रॉकेटने आपला उपग्रह कक्षेत नेला. शिकायला परदेशी आलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. उसनवारी कुणाला चुकत नाही. घेतलेल्याचे पुढे काय केले, हे महत्त्वाचे.

तेव्हा पुढच्या मॅचच्या वेळी मुलांना एवढी गोष्ट जरूर सांगा.