नाताळच्या ताटातील बालशांव

ख्रिस्तजयंतीच्या दिवशी गोव्यातील ख्रिस्ती घरांत सोरपोतेल, सान्नां आणि पुलाव असा थाट असतो. त्याच ताटाच्या कडेला चमचाभर तांबडेलाल, आंबट-तिखट तोंडीलावणे वाढले जाते. ते म्हणजे कोळंबीचे बालशांव.

या नावात एक सागरी प्रवास दडलेला आहे. मलाय लोक आंबवलेल्या जवळ्याच्या लगद्यास ‘बेलाचान’ म्हणतात. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा आणि १५११ साली मलाक्का जिंकले; १५५७ च्या सुमारास ते मकावमध्ये स्थिरावले. तेथे अशाच पदार्थाला ‘बालिशांव’ हे नाव पडले. गोव्यातील नाव त्याच कुळातील मानले जाते. येथेही जुन्या पद्धतीच्या बालशांवात सुका जवळा वापरतात. त्याला तांबडा रंग देणारी मिरचीही पोर्तुगीजांच्या काळातच अमेरिका खंडातून आपल्याकडे आली.

मुळात हा साठवणीचा पदार्थ होय. पावसाळ्यात समुद्र खवळतो, मासेमारी थांबते. त्या दिवसांसाठी घरोघरी जी बेगमी होत असे, तीत बालशांवाला मान होता. मीठ-हळद लावलेली कोळंबी तेलात परततात. सुक्या मिरच्या, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, आले व लसूण पाण्याऐवजी व्हिनेगरमध्ये वाटतात. पाण्याचा अंश कमी आणि आम्लता अधिक असल्याने जंतूंची वाढ रोखली जाते. एकदोन दिवस मुरल्यावर चव खुलते. म्हणूनच सणाआधी ते करून ठेवणे सोयीचे ठरते आणि घरच्या गृहिणीलाही मध्यरात्रीच्या मिस्सेला निवांतपणे जाता येते. आज मात्र ते फ्रीजमध्ये ठेवणेच योग्य.

या पदार्थाचा खरा प्राण आहे माडाचे व्हिनेगर. माडी आधी आंबून तिच्यातील साखरेचे मद्य होते. पुढे हवेच्या संपर्कात काही आठवड्यांत त्याचे आम्ल बनते. बाजारातील कृत्रिम व्हिनेगर आंबट असते, परंतु त्यात माडीचा सुगंध नसतो. माडावर चढून माडी काढणारे रेंदेर आता कमी होत चालले आहेत, पुढची पिढी या कष्टाच्या व धोक्याच्या व्यवसायात उतरत नाही. रेंदेर नसेल तर माडी नाही आणि माडी नसेल तर ते व्हिनेगरही नाही.

वसईनेही १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज अंमल पाहिला. आपल्याही सणाच्या स्वयंपाकात व्हिनेगरला स्थान आहे. यंदाच्या नाताळात ते विकत घेताना बाटलीवरील मजकूर अवश्य वाचावा. माडाचे व्हिनेगर मिळाल्यास तेच घ्यावे. त्या खरेदीतून एका कष्टकरी कुटुंबालाही आधार मिळतो.