वाटीभर पेज

घरातील वयोवृद्ध माणूस आजारातून उठले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो खाण्याचा. भाकरी चावत नाही, पोळी गिळवत नाही, भूक तर हरवलेलीच. अशा वेळी कोकण-गोव्यातील घरांत चुलीवर पेज चढते. मात्र पेज हे केवळ आजाऱ्याचे अन्न नव्हे. आशियातील असंख्य घरांची ती रोजची न्याहारी आहे.

वैद्यकातून स्वयंपाकघरात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दुसऱ्या अध्यायात, निरनिराळ्या विकारांसाठी २८ यवागू सांगितल्या आहेत. शोधनोपचारांनंतर प्रथम पातळ पेया, मग दाट विलेपी आणि त्यानंतर हळूहळू नेहमीचे अन्न, असा क्रम आयुर्वेदाने घालून दिला. मंदावलेल्या अग्नीवर एकदम भार पडू नये, हा त्यामागील विचार.

तमिळमधील ‘कंजी’ हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला. गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात मिरी-जिरे घातलेल्या तांदळाच्या पाण्याची नोंद रुग्णाचे पथ्य म्हणून केली आहे. पुढे पोर्तुगालमध्ये कोंबडी व तांदळाच्या सूपला ‘कांजा’ हेच नाव पडले. इंग्रजीतील ‘कॉन्जी’ही त्याच कुळातला.

एक पातेले, अनेक चवी

गोव्यात उकड्या तांदळाची पेज लोणच्यासोबत किंवा सुक्या मासळीसोबत घेतात. केरळात तिच्या जोडीला हिरवे मूग असतात. कर्कटक महिन्यात, ऐन पावसाळ्यात, औषधी वनस्पती घातलेली कंजी पितात. चीनमध्ये तिला ‘झोऊ’ म्हणतात. जपानी ‘ओकायू’ आंबट-खारट उमेबोशीबरोबर खातात. नववर्षाच्या जड जेवणांनंतर ७ जानेवारीला सात पालेभाज्या घातलेली पेज करण्याची तिथे प्रथा आहे. इंडोनेशियात ‘बुबुर आयाम’मध्ये कोंबडी असते, तर फिलिपिन्सच्या ‘आरोस काल्दो’मध्ये कोंबडीबरोबर भरपूर आले.

वाढताना ध्यानात ठेवावे

या विविधतेत एक शहाणपण दडले आहे: नुसती पेज सहसा कोणी खात नाही. पेजेत पाणी आणि पिष्ट भरपूर, प्रथिने मात्र अल्प. वार्धक्यात स्नायू झिजत असतात; दिवसेंदिवस केवळ पेजेवर राहिलेले शरीर अधिकच अशक्त होते. म्हणून तांदळाबरोबर मूगडाळ शिजवावी किंवा जोडीला अंडे, मासा, दही द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मऊ शिजलेला भात रक्तातील साखर लवकर वाढवतो. मधुमेहींना वाटी लहान आणि डाळ-भाजी जास्त असावी. रक्तदाब असलेल्यांनी लोणचे, पापड, खारी मासळी चवीपुरतीच घ्यावी.

गिळण्यास त्रास होत असेल, तर पाणी वेगळे व शिते वेगळी अशी पेज ठसक्याला निमंत्रण देते. ती एकजीव, दाटसर करावी. ताठ बसवून, लहान चमच्याने, घाई न करता भरवावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. खाताना वारंवार ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा, ओलसर होत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यास विलंब करू नये.

आणि शक्य असेल तेव्हा आपलीही वाटी त्यांच्याशेजारी घेऊन बसावे. सगळ्यांच्या पानात तीच पेज असली, की ती ‘आजाऱ्याची’ राहत नाही.