तिरंगा एका इमारतीवर, फोटो दुसरीचा

 लोहमार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोचला. पुढच्या दोन दशकांत शहरात ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी उभी राहिली आणि पैसा खेळू लागला. आज महापालिकेचं मुख्य ठिकाण असलेलं ‘इंद्रभुवन’ त्याच श्रीमंतीच्या काळातलं.

आधी एक घोटाळा निस्तरू. पाहुण्यांना इंद्रभुवन दाखवताना ‘देशात पहिल्यांदा नगरपालिकेवर तिरंगा फडकला तो इथंच’ असं हमखास सांगितलं जातं. ‘पहिल्यांदा’चा दावा बाजूला ठेवला तरी झेंड्याची गोष्ट खरी, इमारत चुकीची. १९३० साली हा अप्पासाहेब वारदांनी बांधलेला खासगी वाडा होता. घुमट, कमानी, चुन्यातली नक्षी असा सगळा थाट घरमालकाच्या हौसेचा. नगरपालिकेचा कारभार वेगळ्या इमारतीतून चाले. वाड्याचं देखणेपण इतकं की दुसऱ्याची कीर्तीही त्याच्याच खात्यावर जमा होते.

६ एप्रिल १९३० रोजी सकाळी गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर यांच्या हातून ध्वज चढला. डोळ्यांसमोर आजचा तिरंगा आणू नये. तेव्हाच्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा असे आणि त्यावर चरखा. केशरी रंग वर आला तो पुढच्या वर्षी. सरकारच्याच कायद्याने उभ्या राहिलेल्या संस्थेच्या छपरावर सरकारविरोधी निशाण लागलं, आणि ते लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या संमतीने. माझ्या मते या प्रसंगाचा खरा दणका इथेच आहे.

महिन्याभरात गांधीजींच्या अटकेची बातमी आली. ८ मे रोजी गोळीबार झाला, जमाव भडकला, पोलीस चौक्या आणि न्यायालय पेटलं. अधिकारी शहर सोडून स्टेशनाच्या आसऱ्याला गेले. दोनतीन दिवस गस्त आणि बंदोबस्त स्वयंसेवकांनी सांभाळला. १२ मेला लष्करी कायदा जारी झाला. मग झेंडा उतरला, गांधी टोप्यांवर गदा आली, नगराध्यक्ष माणिकचंद शहा यांनाही शिक्षा भोगावी लागली. त्या जाळपोळीत झालेल्या पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. एक लिंगायत व्यापारी, एक मुसलमान पत्रकार, एक मराठा कार्यकर्ता, एक मारवाडी. गिरणगावातली वस्ती कशी होती हे या चार नावांतूनच कळतं.

इंद्रभुवनाचा या कहाणीत प्रवेश होतो तो १९६४ साली, नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यावर. वारदांच्या दिवाणखान्यात कचेरी बसली. त्या वाड्याचं जतन व्हायलाच हवं, पण त्याच्या दारावर ध्वजाची गोष्ट लिहायची असेल तर ‘ही ती इमारत नव्हे’ एवढं तरी स्पष्ट लिहावं. नगरपालिकेची ती जुनी जागा कुठली, हे चौकातल्या रिक्षावाल्याला विचारून पाहा: तो तुम्हाला पुन्हा इंद्रभुवनावरच आणून सोडेल.