विश्लेषण : सीटी स्कॅन ‘नॉर्मल’, तरी कामावर चुका का? न्यूरोसायकॉलॉजिस्टचा अहवाल कामगारासाठी का महत्त्वाचा?

चाकण एमआयडीसीत पाळी सुटली की कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि दुचाकी एकाच वेळी पुणे-नाशिक महामार्गावर येतात. समजा, अशाच एका संध्याकाळी २८ वर्षांचा सीएनसी ऑपरेटर दुचाकीवरून घसरला. हेल्मेट हँडलला अडकवलेले. काही तास बेशुद्ध, आठवडाभर रुग्णालयात, मग सुट्टी. दोन महिन्यांनी तो कामावर परतला तेव्हा हातपाय धड होते, बोलणे व्यवस्थित होते आणि सीटी स्कॅनचा अहवाल ‘नॉर्मल’ होता. पण मशिनमध्ये भरायचे आकडे तो विसरू लागला. दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी गळते. जॉब रिजेक्ट होतात, सुपरवायझरवर भडकतो. कंपनीला वाटते टाळाटाळ करतोय, घरच्यांना वाटते स्वभाव बिघडला. नेमके काय बिघडले, हे मोजून सांगण्याचे काम न्यूरोसायकॉलॉजिस्टचे असते. तेच मोजमाप न्यायालयासाठी केले, की त्याला ‘फॉरेन्सिक’ म्हणतात.

स्कॅनमध्ये न दिसणारे काय मोजतात?

डोके जोरात हिसकले गेले की मेंदूतील मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात, तुटतात. रक्तस्राव किंवा कवटीला तडा सीटी स्कॅनमध्ये दिसतो, हे धागे बहुतेकदा दिसत नाहीत. न्यूरोसायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाही. तो रुग्णाला समोर बसवून काही तास चाचण्या घेतो. उदाहरणार्थ, १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची, दर वेळी किती आठवतात ते नोंदवायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचे. ठरावीक चालींत मणी हलवून दिलेली रचना करायला लावली की नियोजनाची क्षमता कळते. आकड्यांखाली चिन्हे भरायला लावली की मेंदूचा वेग कळतो.

मिळालेले गुण कशाशी ताडायचे, हा खरा प्रश्न. गेज कॅलिब्रेट केलेला नसेल तर मापाला अर्थ नाही, हे चाकणमध्ये कुणाला सांगायला नको. बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने २००४ मध्ये चाचण्यांचा स्वतःचा संच प्रसिद्ध केला. त्यात भारतीय लोकांचे प्रमाण गुण वय, शिक्षण आणि लिंगानुसार दिले आहेत. दहावी झालेल्या कामगाराची तुलना पदवीधराशी केली तर निरोगी माणूसही ‘कमी’ ठरेल. भाषेचेही तसेच. बिहार किंवा ओडिशातून आलेल्या कामगाराची मराठीत चाचणी घेतली, तर स्मरणशक्तीऐवजी मराठीच मोजली जाईल.

नाटक करत असेल तर?

भरपाईचा दावा आला की ही शंका येतेच. त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. एका प्रकारात ५० चित्रे दाखवतात. नंतर प्रत्येक जुन्या चित्राशेजारी एक नवे चित्र ठेवून ‘आधी कोणते पाहिले?’ असे विचारतात. काहीही न आठवणारा माणूस नुसत्या अंदाजाने २५ च्या आसपास बरोबर उत्तरे देईल. मेंदूला मार लागलेले बहुतेक रुग्णही ४५ च्या पुढे जातात. एखाद्याची १५ च बरोबर आली, तर? नाणेफेकीचे गणित सांगते की निव्वळ अंदाजाने इतके कमी गुण हजारात तीन-चार वेळाच पडतील. म्हणजे त्याला बरोबर उत्तर माहीत होते आणि तो ते मुद्दाम टाळत होता. अर्थात, ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासाठी ही चाचणी सुटकेचा मार्गही ठरते. ४८ गुण मिळवणाऱ्या कामगाराला ‘नाटकी’ म्हणणे वकिलाला अवघड जाते.

टक्क्यांवर किती पैसे अवलंबून असतात?

मोटार अपघात न्यायाधिकरणात उत्पन्नाचे नुकसान काढताना २६ ते ३० वयासाठी १७ हा गुणक वापरतात. पगार १८ हजार धरला तर वर्षाचे २ लाख १६ हजार, गुणिले १७ म्हणजे ३६ लाख ७२ हजार रुपये. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे ठरले, तर ११ लाख १ हजार ६०० रुपये. पूर्ण गेली असे ठरले, तर सगळी रक्कम. भविष्यातील पगारवाढ आणि उपचारांचा खर्च याहून वेगळा.

‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इथेच एक महत्त्वाचा फरक स्पष्ट केला. शरीराचे अपंगत्व किती टक्के हे डॉक्टर सांगेल. त्यामुळे कमाई किती बुडाली हे न्यायाधिकरणाने कामाचे स्वरूप पाहून ठरवायचे. डावा हात गेला तर सुतार किंवा चालकाचा रोजगारच जातो, कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. मेंदूच्या दुखापतीला हाच न्याय लावायचा, तर लक्ष, स्मृती आणि वेग किती घटला हे कागदावर यावे लागते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र डॉक्टरच देतात, त्यामुळे हा अहवाल न्यूरोसर्जनच्या मताला आधार म्हणून जोडला जातो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत अपघाती मेंदूइजा नावाने नाही, ही अडचण आहेच. ईएसआय विमा असलेल्या कामगाराला कारखान्यात इजा झाली तर टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते. तिथेही दिसणाऱ्या जखमेइतकी न दिसणारी जखम सहज मांडता येत नाही.

पुण्यातील कोणत्या खटल्याने या क्षेत्राला धडा दिला?

२००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एमबीएच्या एका विद्यार्थिनीला पूर्वी लग्न ठरलेल्या तरुणाच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. पुराव्यांत ‘बीईओएस’ या मेंदूचाचणीचा समावेश होता. निम्हान्सचे माजी प्राध्यापक, न्यूरोसायकॉलॉजिस्ट सी. आर. मुकुंदन यांनी ती विकसित केली होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याशी संबंधित वाक्ये ऐकवायची आणि लहरींवरून ‘अनुभवाची आठवण’ आहे का ते शोधायचे. आरोपीने तोंड उघडण्याची गरजच नाही. निकालाची चर्चा जगभर झाली, टीकाही. निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा तपासण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिले. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी सक्तीने करण्यास मनाई केली.

क्षमता मोजणे आणि मनातले गुपित वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी प्रमाण गुण आणि चुकीची मर्यादा सांगता येते. दुसऱ्याबाबत तसा दावा करणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी मोठी आहे.

या करिअरमध्ये कसे जाता येते?

मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी, त्यानंतर क्लिनिकल सायकॉलॉजीतील दोन वर्षांचे एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, हा रूढ मार्ग. निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही त्यातली जुनी नावे. एम.फिल. बंद करताना यूजीसीने या शाखेतील प्रवेशांना २०२५-२६ पर्यंत मुभा दिली होती, त्यामुळे परिषदेची ताजी अभ्यासक्रम-यादी पाहूनच प्रवेश घ्यावा. ‘न्यूरोसायकॉलॉजिस्ट’ अशी वेगळी नोंदणी परिषदेकडे नाही. म्हणून रुग्णाने पाटीपेक्षा नोंदणी क्रमांक आणि मेंदूच्या रुग्णांचा अनुभव विचारावा.

तपासणीला जाताना नातेवाइकांनी काय न्यावे? स्कॅन आणि डिस्चार्ज कार्ड तर हवेच. पण अपघातापूर्वी माणूस किती तरबेज होता हे कुठल्याच यंत्रात दिसत नाही. त्यासाठी आयटीआयची गुणपत्रिका, कंपनीतले जुने प्रशिक्षणाचे कागद आणि जमल्यास अपघाताआधीच्या सहा महिन्यांतील त्याच्या मशिनवरच्या रिजेक्शनच्या नोंदी.