मुळात औषध किती?

युनानी हकीम जिला ‘असरोल’ म्हणतात, तीच मराठीतील सर्पगंधा. तिच्या मुळातून १९३१ साली डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ त्यांनी त्याचे नाव ‘अजमलीन’ ठेवले. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी याच मुळातून ‘रेसर्पिन’ मिळवले. ते रक्तदाब कमी करते.

मूळ तेच, मग औषध मोजायचे कशाला? दोन मुळे दिसायला सारखी असली, तरी त्यांतील औषध सारखे नसते. जमीन, हवामान आणि झाडाचे वय यांप्रमाणे ते बदलते. शिवाय बहुतेक औषध मुळाच्या सालीत असते. साल निघाली, की उरते ते लाकूडच! रेसर्पिनच्या एका गोळीत पाव मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा चार हजारावा भाग औषध पुरते. जास्त झाले, तर रक्तदाब फार उतरतो. मनही उदास होऊ शकते.

मोजण्यासाठी मूळ वाळवून दळतात. चूर्ण अल्कोहोलात भिजवून गाळतात. या अर्कात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात. तुम्ही टीपकागदाच्या पट्टीवर, खालच्या टोकाच्या थोडे वर, काळ्या शाईचा थेंब द्या आणि ते टोक पाण्यात धरा. पाणी वर चढेल, तसे शाईतील रंग वेगवेगळे होतील. प्रयोगशाळेत लेप दिलेल्या काचपट्टीवर अर्काचेही असेच होते. शेजारी वजन माहीत असलेल्या शुद्ध रेसर्पिनचा ठिपका देतात. अतिनील प्रकाशात यंत्राने दोन्ही ठिपके ताडून पाहिले, की अर्कातील रेसर्पिन किती, ते कळते. त्यावरून गोळीत चूर्ण किती घालायचे, ते ठरते.