नगरपरिषदेच्या सभेत काय चालते?

माझ्या लहानपणी आमच्या घरात कोरी वही क्वचितच यायची. गणिते सोडवायला मी जे कागद वापरत असे ते एका बाजूने छापलेले आणि दुसऱ्या बाजूने कोरे असत. आई नगरपालिकेत झाडूवाली होती. सर्वसाधारण सभा संपली की सभागृहातले कप, केळ्यांच्या साली आणि टेबलावर टाकून दिलेले कागद आवरण्याचे काम तिच्याकडे असे. ते कागद ती घरी आणायची. छापील बाजूवर काय आहे हे तिला वाचता येत नव्हते, आणि मला वाचता येत असूनही कळत नव्हते. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, ‘कार्योत्तर मंजुरी देणे’, ‘दप्तरी दाखल करणे’. पुढे मी राज्यशास्त्रात एम. ए. झाले, महाविद्यालयात स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय शिकवू लागले. परंतु त्या कागदांचा खरा अर्थ कळायला मला वयाची तिशी ओलांडावी लागली. तो कसा कळला ते येथे सांगायचे आहे. कारण आपल्या वस्त्यांचे बरेचसे भवितव्य त्या कागदांवर ठरते, आणि आपण मात्र फाटकाबाहेर घोषणा देत उभे असतो.

घोषणा देऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. मोर्च्याशिवाय आपल्याला काहीच मिळालेले नाही. पण मोर्चा नेला, निवेदन दिले, मुख्याधिकाऱ्यांनी ‘बघतो’ म्हटले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, की आपले काम संपते. निवेदनाचे काम तेव्हा सुरू व्हायला हवे असते. ते आवक नोंदवहीत चढते, त्याला क्रमांक पडतो, मग ते संबंधित खात्याच्या टेबलावर जाते. तेथून ते सभेपुढे विषय म्हणून आले तर जगले, नाही तर फायलीत मेले. निवेदन देणाऱ्या किती कार्यकर्त्यांपाशी आवक क्रमांक असतो?

महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो. महानगरपालिकांचे कायदे वेगळे आहेत. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि संविधानाला बारावी अनुसूची जोडली गेली. तीत अठरा विषय आहेत. पाणी, रस्ते, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानभूमी तर आहेतच, पण समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हाही त्यांतला एक विषय आहे. वर्गात हे शिकवताना पूर्वी मी येथेच थांबत असे.

प्रत्यक्षात सगळे सभेपासून सुरू होते. सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांनी व्हावी असे कायदा सांगतो. साध्या सभेची नोटीस पुरे सात दिवस आधी, विशेष सभेची तीन दिवस आधी निघते, आणि ती नगरसेवकांना मिळते तशीच कचेरीच्या फळ्यावरही लागते. नोटिशीबरोबर विषयपत्रिका असते. सभा जनतेला खुली असते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातल्या शिपायाने ‘बाई, तुमचं काय काम?’ असे विचारले होते. तो आईला ओळखत होता, म्हणून आत जाता आले. खरे तर ओळखीची गरजच नव्हती.

विषयपत्रिकेवरचा पहिला विषय नेहमी एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. इतिवृत्त म्हणजे गेल्या सभेत काय घडले, कोणता ठराव झाला, कोण सूचक, कोण अनुमोदक याची नोंद. या वेळी सभागृहात कोणाचे लक्ष नसते. कोणी उशिरा येत असतो, कोणी सही करत असतो, चहा फिरत असतो. अध्यक्ष विचारतात, ‘कायम?’ दोन-तीन आवाज म्हणतात, ‘कायम.’ झाले. आता सभेत काय बोलले गेले याला महत्त्व उरत नाही. कागदावर जे आहे तेच घडले.

आमच्या वस्तीला हे फार महागात पडले. वस्तीचे सांडपाणी उघड्या गटारातून वाहते आणि पावसाळ्यात ते शेवटच्या दोन गल्ल्यांतल्या घरांत शिरते. वस्तीपासून मुख्य नाल्यापर्यंत बंदिस्त गटार करावी असा ठराव २०१९ साली सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. आमचा नगरसेवक त्या दिवशी पेढे घेऊन वस्तीत आला होता. त्यानंतर काहीच हालचाल झाली नाही. २०२२ साली मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्या ठरावाची साक्षांकित प्रत मागवली. प्रतीत ठराव होता, फक्त शेवटी ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असे दोन शब्द होते. सभेत ते कोणी उच्चारले नव्हते, असे तेव्हा हजर असलेले दोघे सांगतात. पण त्यानंतरच्या सभेत इतिवृत्त कायम झाले, तेव्हा ‘कायम’ म्हणणाऱ्या आवाजांत आमच्या नगरसेवकाचाही आवाज होता. हे त्याने स्वतःच मला सांगितले. बिचारा प्रामाणिक माणूस. इतिवृत्त वाचायचे असते हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

ठराव झाला म्हणजे काम झाले, हा आपला जुना गैरसमज आहे. तो नाहीसा करायला महाडइतके चांगले उदाहरण नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सगळे जाणतो, पण त्यामागचा नगरपालिकेचा कागद आपण क्वचितच पाहतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा म्हणून ओळखला जाणारा, म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा, ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. पाण्याला हात मात्र २० मार्च १९२७ ला लागला. मधली तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून होता. पुढचा भाग अधिक बोलका आहे. सत्याग्रहानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. म्हणजे ठराव अमलात आणायला ज्यांना तीन वर्षांत वेळ मिळाला नाही, त्यांना तो रद्द करायला पाच महिनेही लागले नाहीत. मग डिसेंबर १९२७ मध्ये तळे खाजगी असल्याचा दावा कोर्टात दाखल झाला आणि बाबासाहेबांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या खटल्यात प्रश्न हाच होता की तळे कोणाच्या मालकीचे. आज कोणी कार्यकर्ता मला ‘सिटी सर्व्हेचा उतारा कशाला हवा?’ असे विचारतो, तेव्हा मी त्याला महाड सांगते.

विरोध नोंदवणे ही आणखी एक गोष्ट. आपले नगरसेवक ती हळूहळू विसरले आहेत. महात्मा फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. ते सरकारनियुक्त सभासद होते, म्हणजे सरकारची मर्जी राखणे सोपे होते. गव्हर्नर-जनरल लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा, अशी त्यांची भूमिका होती. विरोध करणारे ते नियुक्त सभासदांत एकटेच होते आणि प्रस्ताव संमत झाला. पण ते एक मत दप्तरात राहिले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. आमच्या नगरपरिषदेची गेल्या काही वर्षांची इतिवृत्ते मी चाळली. बहुतेक ठरावांखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असेच आहे. सभेत आरडाओरडा होतो, खुर्च्या सरकतात, सभात्याग होतो. मात्र ‘माझा विरोध नोंदवा’ हे वाक्य लेखी येत नाही. ते लेखी असते तर बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध ठरावाला स्थगिती मागायला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना हातात काहीतरी असते. १९६५ च्या अधिनियमातले कलम ३०८ त्यासाठीच आहे.

विषयपत्रिकेच्या तळाशी ‘ऐनवेळचे विषय’ असतात. खरी मेख तेथे आहे. वरचे विषय सगळ्यांनी सात दिवस आधी पाहिलेले असतात. हे विषय कोणीच पाहिलेले नसतात, निदान ज्यांनी पाहायला हवेत त्यांनी तरी. सभा लांबलेली असते, माणसे उठू लागलेली असतात. बिले, मुदतवाढी, जागा भाड्याने देणे हे सारे येथून सुटते. ‘कार्योत्तर मंजुरी’ हा याचाच सख्खा भाऊ. काम आधी होते, परवानगी नंतर मिळते. वस्तीच्या गटारीला कधी कार्योत्तर मंजुरी मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तिला नेहमी सगळ्या परवानग्या आधी लागतात.

त्या परवानग्यांची वाट अशी: विषय सभेत मंजूर झाला की अभियंता अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश. काम चालू झाले की मोजमाप पुस्तकात नोंद, आणि त्या नोंदीवर बिल. यातली प्रत्येक पायरी एक कागद आहे आणि प्रत्येक कागद मागता येतो. काम कोठे अडले हे समजून घ्यायचे तर ‘आमच्या कामाचे काय झाले?’ असे विचारू नये. त्याला ‘प्रक्रिया चालू आहे’ हे एकच उत्तर असते. ‘अंदाजपत्रकास तांत्रिक मान्यता कोणत्या तारखेस मिळाली?’ असे विचारावे. आमच्या गटारीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आले की अंदाजपत्रकच झालेले नाही. मग तीन वर्षे कोणती प्रक्रिया चालू होती?

पैशाचेही तसेच आहे. अर्थसंकल्पात दुर्बल घटकांसाठी पाच टक्के राखून ठेवण्याचा दंडक आहे. शिवाय दलित वस्ती सुधारणेसाठी शासनाचा वेगळा निधी येतो. आपण तरतुदीचा आकडा पाहून समाधान मानतो. पाहायचा असतो तो गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना. तो अर्थसंकल्पाच्या त्याच पानावर, शेजारीच छापलेला असतो. आणि खर्च दिसला तरी कशावर, हे विचारावे. आमच्याकडे एका वर्षी वस्ती सुधारणेच्या नावाने झालेला रस्ता वस्तीच्या कडेने जाऊन पलीकडच्या नव्या प्लॉटांना मिळाला. वस्तीला त्याचा उपयोग एवढाच की पाणी अडायला एक बांध मिळाला.

आता आईच्या कामाविषयी. ती कायम नोकरीत होती. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. आई निवृत्त झाली तेव्हा माझे नाव द्यायला तिने साफ नकार दिला. ‘तुझ्या हातात झाडू गेला तर मी कशाला कागद गोळा केले?’ असे ती म्हणाली. नाव धाकट्या भावाचे लागले आणि तो आज त्याच हजेरी शेडवर जातो. हा हक्क लढून मिळालेला आहे, आणि तोच पिढ्यांना एका कामाशी बांधूनही ठेवतो. माझ्या घरात ही दोन्ही सत्ये एका ताटात जेवतात. पण भावाच्या शेजारी आज ज्या बाया झाडतात त्या ठेकेदाराच्या आहेत. त्यांना पगाराची चिठ्ठी नाही, हातमोजे नाहीत, आणि त्यांच्याविषयी सभेत निर्णय होतो तेव्हा विषयपत्रिकेवर त्या नसतातच. तेथे लिहिलेले असते, ‘घनकचरा व्यवस्थापन कामाच्या ठेक्यास मुदतवाढ देणे’. या वाक्यात बाई कोठे आहे? सभागृहात अर्ध्या जागा महिलांच्या आहेत, २०११ पासून. त्यांपैकी एकीने जरी ‘या ठेक्यात किती बाया आहेत आणि त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का?’ असे विचारले, तर ते उत्तर इतिवृत्तात घ्यावे लागेल. आमच्याकडे बऱ्याच जणींचे पतिराज व्हरांड्यात बसून चिठ्ठ्या पाठवतात. हे चित्र बदलते आहे, पण फार सावकाश.

मधल्या काळात तर सभाच नव्हत्या. मुदत संपलेल्या अनेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. प्रशासक म्हणजे सर्वसाधारण सभा एका माणसात. तोच सूचक, तोच अनुमोदक, तोच सर्वानुमते. कारभार जलद होतो असे आमचे काही प्राध्यापक मित्र स्टाफरूममध्ये कौतुकाने म्हणत. त्यांच्या घरासमोर उघडे गटार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि सभागृह पुन्हा भरले.

आमच्या प्रभागातून यंदा एक तरुण बाई निवडून आली आहे. बारावी शिकलेली आहे, अंगणवाडीत मदतनीस होती. निवडून आल्यावर दोन रविवार ती माझ्याकडे जुनी इतिवृत्ते वाचायला येत होती; आई तिला चहा करून द्यायची आणि कागद उलटसुलट करून पाहायची. गटारीचा विषय तिने लेखी दिला, त्यात अंदाजपत्रक किती दिवसांत व्हावे आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून व्हावा हे घातले, आणि पोच घेतली. गेल्या सभेत तो विषय क्रमांक सतरा होता. अकराव्या विषयावर गोंधळ झाला आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेत राहिलेलेच विषय घ्यावे लागतात, म्हणून आमचा विषय गेलेला नाही. नवी तारीख फळ्यावर लागली की भाऊ मला कळवणार आहे. त्या दिवशी माझी दोन लेक्चर्स आहेत. ती मी सहकाऱ्याला घ्यायला सांगून ठेवली आहेत.